साडेसहा मिनिटांची करंजवाडी

अंबादास चौगुले मास्तरांनी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं गणित शिकवलं, आणि तेवढ्या वर्षांत फळ्यावर किती विमानं उडवली त्याला सुमार नाही. एक विमान मुंबईहून ताशी इतक्या वेगानं निघालं, दुसरं नागपूरहून तितक्या वेगानं निघालं, तर दोघं कुठं आणि किती वाजता भेटतील? पोरं पेन्सिली चावायची आणि मास्तर खिडकीत उभे राहून मिशीतल्या मिशीत हसायचे. आणि खुद्द मास्तर? विमानाचं सोडाच, जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. बाकीचे पाळण्यात बसायचे, आणि हे खाली सगळ्यांच्या चपला सांभाळत उभे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मास्तर डिसेंबरअखेर निवृत्त झाले. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली, आणि शेवटी बाळासो उठला. बाळासो म्हणजे मास्तरांचा सगळ्यांत ढ आणि सगळ्यांत लाडका विद्यार्थी. सातवीत दोनदा नापास झाला, आणि आता शिरोली एमआयडीसीत स्वतःची फौंड्री घालून बसलाय. त्यानं खिशातनं एक लांबट पाकीट काढून मास्तरांच्या हातात दिलं.

"सर, तुमच्या त्या इमानानं मला दोन वर्सं नापास केलंय," तो माईकवरनं ओरडला. "आता तुमीच बसा त्यात! खरंच येळेवर पोचतंय का न्हाई, बघून या की एकदा!"

पाकिटात मुंबईच्या विमानाचं तिकीट होतं. उजळाईवाडीच्या माळावरनं एकोणीस माणसांचं छोटं विमान नुकतंच सुरू झालं होतं, आणि रविवारी निम्मं कोल्हापूर डबे बांधून ते बघायला जात होतं. सगळ्या हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला. मास्तरांच्या तोंडातनं शब्द फुटेना. चौतीस वर्षं ज्यानं कुणाला वर्गात बोलू दिलं नाही, त्या माणसाची अशी बोलती बंद झालेली बघून पोरांनी आणखी टाळ्या पिटल्या.

त्या दिवसापासून मास्तर जमिनीवर नव्हतेच म्हणा. सकाळी चहाच्या आधी ॲटलास उघडायचा, शिवणाच्या डब्यातला दोरा घ्यायचा, आणि कोल्हापूर ते मुंबई ताणून धरायचा.

"सरोजिनी, ऐकलंस का? एस्टीनं जवळजवळ चारशे किलोमीटर. पुण्याला वळसा, घाटाला वळसा, दहा-अकरा तास कुठं गेले नाहीत. आणि दोऱ्यानं किती? तीनशेदहा! नव्वद किलोमीटर नुसती वळणंच आहेत गं!"

"मग काय करू मी?" सरोजिनीबाई भाजी चिरत म्हणाल्या. "त्या दोऱ्यानं तुमच्या सदऱ्याचं बटण लावायचं होतं."

"ताशी तीनशेचा वेग धरला तर बासष्ट मिनिटं. चढायला-उतरायला आठ. सत्तर मिनिटं! तुझा कुकर होऊन थंड होईपर्यंत मी मुंबईत!"

मुंबईला जायला निमित्तही होतं. लेक नंदिनी तिथं राहत होती आणि तिला पहिलं मूल झालं होतं. पण खरं सांगायचं तर नातवापेक्षा मास्तरांना त्या दोऱ्याचंच जास्त वेड लागलं होतं. दिवसातनं चारदा दोरा ताणायचे. आणि अशाच एका सकाळी, जिल्ह्याचा मोठा नकाशा पुढं पसरून दोरा ताणताना, त्यांचा हात एकदम थबकला.

दोरा वारणानगरला अगदी चाटून जात होता. आणि वारणानगरच्या पलीकडं दीड मैलावर, दोऱ्याच्या किंचित उजवीकडं, करंजवाडी होती.

मास्तरांनी त्या नावावर बोट टेकवलं. सरोजिनीबाईंनी वळून नकाशावरचं बोट बघितलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. करंजवाडीचं नाव त्या घरात सात वर्षं कुणी काढलं नव्हतं.

करंजवाडीत आक्का होती. मास्तरांची थोरली बहीण, बाळाबाई. मास्तर तीन वर्षांचे असताना आई गेली, आणि आक्कानं दुसरीतनं शाळा सोडून ह्या भावाला कडेवर घेतलं ते घेतलंच. ओढ्याला पाणी आलं की खांद्यावर बसवून शाळेत पोचवायची आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर चिंचेखाली बसून राहायची. ओच्यात चिंचोके असायचे. मास्तरांची पहिली बेरीज, पहिली वजाबाकी, सगळी त्या चिंचोक्यांवर झाली. पुढं आक्काचं लग्न होऊन ती करंजवाडीला गेली, हा शिकून मास्तर झाला, तरी दर भाऊबीजेला लुगडं घेऊन हा तिच्या दारात हजर.

मग सात वर्षांपूर्वी आक्कानं नंदिनीला आपल्या ज्ञानूसाठी मागितलं. आपल्याकडं मामाची मुलगी म्हणजे हक्काची सून, मागण्यात काही वावगं नव्हतं. पण नंदिनीला शिकायचं होतं, आणि ज्ञानूला ती लहानपणापासून राखी बांधत आली होती. 'आक्का, पोरगी नको म्हणतेय,' एवढं एक वाक्य मास्तर बोलले असते तर भागलं असतं. पण मास्तर ते मास्तर! त्यांनी चार पाहुण्यांदेखत शिकवणीचा फळा पुढं ओढला, खडू घेतला, आणि जवळच्या नात्यात लग्न केलं तर काय काय होतं, ह्याचं गणित आक्काला मांडून दाखवलं. खाली उत्तर लिहून त्याला दोन रेघासुद्धा मारल्या.

आक्का उठली. "ज्याला मी चिंचोक्यावर मोजाय शिकीवलं," ती म्हणाली, "त्यो मला खडूनं शिकवाय लागलाय व्हय? आजपास्नं तुझा पाय माझ्या उंबऱ्याला लागायचा न्हाई, अंबू. सांगून ठेवते."

रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. दुसरा भाऊ असता तर महिन्याभरानं गेला असता, शिव्या खाल्ल्या असत्या, वर जेवून आला असता. पण मास्तरांना सवय अशी, की एकदा विधान दिलं की ते खरं मानूनच पुढं जायचं. उंबऱ्याला पाय लावायचा नाही म्हणजे नाही. मधल्या काळात नंदिनीचं लग्न झालं, ज्ञानूचं झालं, आक्काला दोन नातवंडंही झाली. भांडणाचं कारण कधीच संपलं होतं, भांडण तेवढं उरलं होतं.

"सरोजिनी," मास्तर हळूच म्हणाले, "विमानातनं गेलं तर उंबऱ्याला पाय लागत नाही."

सरोजिनीबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, करंजवाडी चाळीस किलोमीटर! एस्टीनं दीड तास! तिथं सात वर्षं गेला नाहीत, आणि आता आभाळातनं भेटायला निघालात?"

"साडेसहा मिनिटं," मास्तर म्हणाले. त्यांनी केव्हाच हिशेब केला होता. "वरनं पंचवीसच किलोमीटर आहे. पाच मिनिटं, आणि चढायला दीड."

त्याच दुपारी त्यांनी आंतरदेशीय पत्र लिहिलं. तीर्थस्वरूप आक्कास शिरसाष्टांग नमस्कार. तुझ्या उंबऱ्याला पाय न लावता तुझ्या घरावरून जाणार आहे. तुझा शब्द मोडत नाही. येत्या शुक्रवारी सकाळी नऊला विमान सुटते. नऊ वाजून साडेसहा मिनिटांनी ते करंजवाडीवर येईल. राग गेला असला तर मी शेवटच्या भाऊबीजेला दिलेले लाल लुगडे स्लॅबवर पसरून ठेव. मला वरून दिसेल. राग गेला नसला तर काही करू नको. मी समजेन. तुझा अंबू.

उत्तर आलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला, पोस्टमन रोज समोरनं जायचा आणि मास्तर रोज उगीच दारात उभे असायचे. आक्काला वाचता येत होतं, शिवाय ज्ञानू होताच. ज्ञानू दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर होता, रोज वारणेहून कोल्हापूरला फेरी. निरोप द्यायचा असता तर काय अवघड होतं? पण तुम्हाला सांगतो, न आलेल्या उत्तरानंही त्यांचा उत्साह काही मावळेना. उलट आता साध्या सफरीची परीक्षाच झाली, आणि परीक्षा म्हटली की मास्तरांच्या अंगात यायचं.

शुक्रवारी सकाळी सातलाच बाळासोच्या जीपमधनं मंडळी उजळाईवाडीच्या माळावर हजर झाली. मास्तरांनी लग्नातला कोट घातला होता. खिशात दोन चष्मे, एक जवळचा, एक लांबचा. हातात वही, मनगटावर रेडिओशी जुळवून घेतलेलं घड्याळ. थंडी मरणाची होती आणि माळावर मेंढरं चरत होती. तारेच्या कुंपणाबाहेर नेहमीचे बघे गोळा झाले होते.

साडेआठ झाले तरी विमानाचा पत्ता नव्हता. मुंबईला धुकं आहे, उशीर होईल, असं खिडकीतल्या तरुणानं सांगितलं, आणि मास्तरांचं धाबंच दणाणलं.

"किती उशीर?"

"पंधरावीस मिनिटं होतील, आजोबा."

"वीस मिनिटं? छे छे! मला नऊ वाजून साडेसहाला पोचायलाच पाहिजे!"

"मुंबईहून पुढं कनेक्शन आहे का?"

"मुंबईचं कुठं घेऊन बसलात?" मास्तर कळवळून म्हणाले. "करंजवाडीचं आहे!"

त्या पोरानं बाळासोकडं बघितलं. बाळासोनं छताकडं बघितलं. मास्तर येरझारा घालायला लागले. नऊ वाजले. नऊ वाजून साडेसहा मिनिटं झाली, आणि मास्तर मनगटाकडं बघत पुतळ्यासारखे उभे राहिले. आत्ता, ह्या क्षणाला, आक्का स्लॅबवर उभी असेल. वर बघत असेल. आभाळात एक घार सोडून काही नसेल. अंबू पुन्हा आपल्याला शहाणपण शिकवून गेला, असं म्हणून ती लुगड्याची घडी घालेल आणि खाली उतरेल.

"वन्सं थांबतील हो," सरोजिनीबाई म्हणाल्या. "शाळा सुटेपर्यंत चिंचेखाली बसायच्या, त्या वीस मिनिटं थांबणार नाहीत?"

तेवढ्यात माळावर एकच गलका झाला. पांढरं विमान आलं, माळाला एक फेरी घातली, आणि धूळ उडवत उतरलंसुद्धा! मास्तरांचं काळीज असं उसळलं की धुकं, उशीर, सगळं विसरले. उतरणारे उतरले आणि चढणाऱ्यांची रांग लागली. मास्तर तिसरे होते. करंजवाडी उजव्या हाताला येणार, म्हणजे उजवीचीच खिडकी पाहिजे, आणि पुढं दोन दांडगे व्यापारी! काय करावं? चाळीस वर्षं एस्टीनं फिरलेला माणूस जे करेल तेच मास्तरांनी केलं. दारात पाय पडताच त्यांनी पुढच्या दोघांच्या खांद्यांवरनं हात लांबवला आणि उजवीकडच्या सीटवर रुमाल टाकला.

"जागा धरलीय!" ते ओरडले.

"सर," आतली मुलगी हसू दाबत म्हणाली, "आमच्याकडं सगळ्याच जागा खिडकीच्या आहेत."

अख्खं विमान हसलं, आणि मास्तरही हसले, पण रुमालावरच बसले. पट्टा आवळला, जवळचा चष्मा लावला, वही मांडीवर घेतली. पंखे घोंघावायला लागले. विमान हललं, रखडत रखडत माळाच्या टोकाला गेलं आणि वळलं. घड्याळात नऊ चोवीस झाले होते. मास्तरांनी आकडा टिपला आणि सहज बाहेर बघितलं.

जवळच्या चष्म्यातनं लांबचं सगळं फिसकटलेलं दिसत होतं. गर्दी एकीकडं राहिली होती, आणि तिच्यापासनं लांब, तारेच्या पार पलीकडच्या टोकाला, चादर पांघरलेली कुणी म्हातारी पळत होती. एक हात वर केलेला. फाट्यावर उभं राहून एस्टीला करतात ना, अगदी तसाच. मागनं एक रखवालदार शिट्टी फुंकत येत होता.

"ती बघा, ती बघा!" मागचा व्यापारी खदाखदा हसायला लागला. "म्हातारी इमानाला हात दाखवतीया!"

मास्तरांनाही हसू आवरेना. आधीच मनात उकळ्या फुटत होत्या, त्यात हे! "पुढचा थांबा मुंबई म्हणावं आजीबाईंना!" ते म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

मग विमान सुटलं. काय सांगू तुम्हाला! पाठीला कुणीतरी मागनं रेटा दिला, माळ सर्रकन मागं गेला, मेंढरं गेली, तार गेली, आणि चाकांची खडखड एकदम बंद झाली. "उचललं!" मास्तर ओरडले. "अहो, उचललं!" त्याच क्षणी पृथ्वी तिरकी झाली. उजवीकडं अख्खं कोल्हापूर मांडून ठेवलं होतं. तो रंकाळा, ते अंबाबाईचं शिखर, ती पंचगंगा, आणि तिच्या काठाकाठानं हिरवागार ऊस. चौतीस वर्षं ज्या गावात सायकल मारली ते गाव नजरेच्या एका घासात मावत होतं. मास्तरांनी काचेला नाक लावलं. साठीला आलेला माणूस, पण त्या वेळी त्यांचं वय आठ-नऊच्या वर नव्हतं.

चौथ्या मिनिटाला त्यांनी चष्मा बदलला. पाचव्या मिनिटाला कोटाच्या बाहीनं काच पुसली. कारखान्याचा धूर दिसला. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग मुंग्यांएवढी दिसत होती. सहा मिनिटं. वारणा नदी दिसली, ते वळण दिसलं, आणि मग खाली करंजवाडीच आली! तीच! तो देवळाचा कळस, ती पाण्याची टाकी! आणि टाकीशेजारी लालभडक!

"आलं!" मास्तर किंचाळले. "लाल आहे! पसरलंय!"

पण टाकीच्या अलीकडचं घर शेजारच्या धोंडुबाईचं. तिच्या स्लॅबवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. आक्काचा स्लॅब टाकीच्या पलीकडं होता, नवा, ज्ञानूनं बांधलेला, राखाडी. त्यावर काहीही नव्हतं. लुगडं नव्हतं आणि माणूसही नव्हतं.

मास्तर मान वळवून वळवून बघत राहिले. खिडकीतनं करंजवाडी मागं गेली, वारणा गेली. वहीत साडेसहासमोर त्यांनी काही लिहिलं नाही. राग गेला नसला तर काही करू नको, असं आपणच लिहिलं होतं. आक्कानं काही केलं नव्हतं.

विमान सांताक्रूझला टेकलं तेव्हा एकाहत्तर मिनिटं झाली होती. गणित एका मिनिटानं चुकलं होतं, आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही. नंदिनी बाळाला घेऊन न्यायला आली होती. नातू मांडीवर आला, अंगठा चोखत टुकुटुकु बघायला लागला, तरी मास्तरांचा चेहरा फुलेना. संध्याकाळी तिनं त्यांच्याकडनं सगळं वदवून घेतलं.

"अप्पा," ती म्हणाली, "आत्या ते उंबऱ्याचं रागात बोलली होती. रागातली वाक्यं कुणी गणितात धरतं का?"

मास्तर नातवाला थोपटत राहिले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ठरलेला चार दिवसांचा मुक्काम गुंडाळला, कोल्हापूरची एस्टी धरली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वाठार फाट्याला उतरले. कंडक्टर म्हणाला, "तिकीट कोल्हापूरचं हाय की, पावणं." मास्तर म्हणाले, "असू दे." वारणानगरपर्यंत वडापच्या जीपला लोंबकळत आणि पुढचा दीड मैल चालत ते करंजवाडीत पोचले. छाती धडधडत होती. विमानात धडधडली नव्हती एवढी.

आक्काच्या दारासमोर ते थांबले. शेजारी शिव्या ऐकतील तर ऐकू देत. त्यांनी डोळे मिटले आणि उजवा पाय उचलून उंबऱ्यावर ठेवला.

"आक्का! मी आलोय. अंबू. काय बोलायचं ते बोल."

कुणी बोललं नाही. त्यांनी डोळे उघडले. दाराला कुलूप होतं.

"कोण पावणं?" पलीकडच्या स्लॅबवरनं धोंडुबाईनं मिरच्या हलवता हलवता विचारलं. "आक्का न्हाई. परवा तांबडं फुटायच्या आदीच गेलीया ज्ञानूच्या गाडीवरनं. सूनपोरं म्हायेराला गेल्यात, आन ज्ञानू फेरीवर हाय."

"कुठं गेलीय?"

"कोल्हापूरला! भाऊ इमानानं चाललाय, त्येला पोचवाय जाते म्हणून सगळ्या वाडीला सांगत गेली की. तुमी कोण?"

मास्तर कसले थांबतात! ते पळत फाट्यावर आले आणि दिसेल त्या एस्टीला हात केला. एस्टी थांबली. आत बसल्यावर, हात खाली घेताना, त्यांना तो हात आठवला. तारेपलीकडचा. चादर पांघरलेली, पळणारी, एक हात वर. मास्तरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. आक्का होती ती. आपली आक्का होती, आणि आपण हसलो.

पुढं उसाच्या बैलगाड्या लागल्या. गाडी गोगलगाईसारखी सरकत होती. आकाशातनं साडेसहा मिनिटांची ही वाट, आणि एस्टीला पावणेदोन तास लागले. मास्तर सीटवर बसले नाहीत, ड्रायव्हरच्या मागं दांडी धरून उभे राहिले.

घराचा जिना चढतानाच आवाज ऐकू आला. सात वर्षं न ऐकलेला, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा.

"तासात म्हंबई गाठतोय म्हणं, आन परत याय तीन दिस! आसलं कसलं गं सरू तुझ्या नवऱ्याचं इमान?"

आक्का सैपाकघराच्या दारात पाय पसरून मेथी निवडत बसली होती. अंगावर लाल लुगडं होतं. शेजारी चादरीची घडी. मास्तर दारातच थिजले.

"आक्का," ते म्हणाले, "तू इथं कशी?"

"कशी म्हंजे? त्या दिशी ह्या उसाच्या गाड्यांनी घात केला. ज्ञानूनं भोंगा वाजवून वाजवून निम्मं कोल्हापूर उठीवलं, तरी तुजं इमान हालल्यावरच पोचलो. मग सरूनं आन बाळासोनं आणलं मला घरी."

"पण तू तर म्हणाली होतीस..."

"काय म्हणले हुते?" आक्कानं मेथीची जुडी खाली ठेवली. "तुझा पाय माझ्या उंबऱ्याला लागायचा न्हाई म्हणले हुते. माझा पाय तुझ्या उंबऱ्याला लागायचा न्हाई, आसं कवा म्हणले? सात वर्सं वाट बगितली, आज बोलावतोय, उद्या बोलावतोय. येवढा गणिताचा मास्तर, आन तुला येवढं सुटलं न्हाई व्हय रं?"

मास्तर मटकन खाली बसले. सात वर्षांत हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"मी आज तुझ्या उंबऱ्याला पाय लावला," ते कसंबसं म्हणाले. "कुलूप होतं."

"लावलास न्हवं? मग? घर पडलं का?"

"आणि परवा मी वरनं बघत होतो. स्लॅब मोकळा होता. लुगडं पसर म्हणून लिहिलं होतं तुला."

"हात मेल्या! भाऊ येवढा लांब निघालाय, आन मी स्लॅबवर कापडं वाळत घालू? आपलं माणूस चाललं की पोचवाय स्टँडवर जायाचं आसतंय. लुगडं नेसूनच गेलते, पर थंडीनं वर चादर घ्यावी लागली. त्या तारंच्या कडंनं पळत हात केला मी. थांबलं न्हाई मेलं! एस्टी आसती तर डायवरनं बिरेक दाबला आसता."

मास्तरांनी मान खाली घातली. चेहरा लाल झाला होता. "आक्का, मी बघितलं तुला. जवळचा चष्मा होता, ओळखलं नाही. कुणी अडाणी म्हातारी विमानाला हात करतेय म्हणून सगळे हसले, आणि मी... मीही हसलो. सगळ्यांत जास्त मीच हसलो."

सरोजिनीबाईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. आक्कानं मास्तरांकडं टक लावून बघितलं. मग तिचा बोळक्या तोंडाचा चेहरा हलायला लागला, आणि ती हसली, खो खो हसली, ठसका लागेपर्यंत हसली.

"हसलास का? बरं झालं की. सात वर्सांत माझ्याकडं बघून तू हसला न्हवतास, अंबू."

मास्तरांचे डोळे वाहायला लागले. पुसावेत असंही त्यांना वाटलं नाही. आक्कानं कोपऱ्यातलं फडकं पुढं ओढलं आणि गाठ सोडली. आत शेंगाच्या पोळ्या होत्या, दहा-बारा, कडा वाळून कडक झालेल्या.

"वाटंत खायाला आणल्या हुत्या. सरू म्हणती, तासाच्या परवासाला शिदोरी कशाला? आता मला काय ठावं तुझा तास केवढा. खा."

त्यांनी पोळी तोडली. तीन दिवसांची पोळी, पण त्यांना ती गरम तव्यावरनं उतरल्यासारखी लागली. आक्का त्यांच्याकडं बघत बसली होती, शाळा सुटल्यावर चिंचेखाली बघायची तशी.

"मग, किती येळ लागला म्हंबईला?"

"एकाहत्तर मिनिटं. मी सत्तर काढली होती. एका मिनिटानं चुकलं गणित."

"एका मिन्टानं?" आक्का म्हणाली. "सात वर्सांनी चुकलंय बाबा तुझं गणित."

आणि तिनं त्यांच्या हातावर दुसरी पोळी ठेवली.